गोचरगाम आणि बाजार : लाखोळीच्या निमित्ताने

पालि वाङ्मयात 'गोचरगाम' असा एक शब्द येतो. 'गोचर' म्हणजे गाईच्या चरण्याची जागा. त्यावरून, ज्या गावात भिक्खू पिंडपातासाठी जातो ते त्याचे गोचरगाम. अरियपरियेसन सुत्तात तथागतांनी उरुवेलेचे वर्णन केले आहे. त्यात रम्य वनखंड आहे, स्वच्छ वाहणारी नदी आहे आणि त्यांच्याच जोडीला सभोवार गोचरगाम असल्याचा उल्लेख आहे. बिंबिसार राजाने वेळुवनाचे दान दिले, तेव्हा त्याने जागा निवडली ती गावापासून फार दूर नाही आणि फार जवळही नाही अशी. ज्या संघास अन्न साठविण्याची, घरात शिजविण्याची आणि स्वतः रांधण्याचीही मुभा नव्हती, त्या संघाचे अन्न सकाळच्या चालीच्या टप्प्यात असणे अपरिहार्यच होते. आजच्या भाषेत बोलायचे तर भिक्खूचे अन्न हे पूर्णपणे स्थानिक अन्न होते.

हा शब्द आम्हांस अलीकडे पुन्हा आठवण्याचे कारण असे की, परिसरात पिकलेले अन्नच विकत घ्यावे आणि खावे, असा विचार आता सर्वत्र मांडला जात आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून ज्वारी, कोदो, कुटकी या धान्यांस शहरी दुकानांत मानाचे स्थान मिळाले. या विचारातील चांगुलपणा आम्ही नाकारीत नाही. मात्र नागपुरातील बौद्ध वस्त्यांत हाच विचार बोलून दाखविला, की वयस्क उपासिकांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच छटा उमटते. भाकरीचे आणि डाळीच्या कण्यांचे कौतुक त्यांना रुचत नाही. वर्षावासातील भोजनदानात त्या आवर्जून गव्हाची पोळी आणि चांगल्या तांदळाचा भात आणतात. काही तरुण अभ्यासकांना हे शहरी अनुकरण वाटते. आमच्या मते त्यामागे इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय त्या उपासिकांना उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

प्रथम आपल्या शहराकडे पाहू. नागपूरच्या सदर भागाचे नावच बाजारावरून पडलेले आहे. इंग्रजी अमदानीत छावणीच्या किंवा दिवाणी वसाहतीच्या मुख्य बाजारास 'सदर बाजार' म्हणत. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर हे मध्य प्रांताचे मुख्य ठाणे बनले. या सत्तेचा ठसा रेसिडेन्सी रोड, छावणी अशा नावांत आजही टिकून आहे. ज्यांना स्वतः शेती करायची नव्हती अशा सैनिकांच्या, अंमलदारांच्या आणि कारकुनांच्या पोटाची सोय करणारा हा बाजार. त्याच्या शेजारीच आठवड्याच्या वाराचे नाव धारण करणारा मंगळवारी बाजार आहे. हे नाव मात्र गावाकडचे आहे; कारण वाराचा बाजार ही खेड्यांची रीत. गावाने पिकवावे, पाटीत घालून आणावे, विकावे आणि मीठ-तेल घेऊन परतावे. सदर आणि मंगळवारी ही दोन नावे एकमेकांना खेटून उभी आहेत, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

या बाजारातील 'स्थानिक' मालाची वंशावळ काढू गेल्यास मोठी गंमत होते. नागपूरची संत्री जगप्रसिद्ध. तिला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सदरहून निघणारा काटोल रस्ता थेट संत्र्यांच्या बागांकडेच जातो. पण परंपरा असे सांगते की, अठराव्या शतकाच्या अखेरीस भोसल्यांनी ही झाडे औरंगाबादेहून आणविली. भिवापूरची मिरची तर आणखी दूरची. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची या देशी आली. त्रिपिटकात तिखटासाठी काळी मिरी आणि पिंपळी आढळतात. मिरची सापडणे शक्यच नाही. सारांश, कोणते पीक 'आपले' हे त्याच्या मूळ ठिकाणावरून ठरवू गेल्यास फारसे काही हाती लागणार नाही. ते पीक कोणाच्या ताटात, कोणत्या अटीवर येते, हे पाहणे अधिक उपयोगाचे. यासाठी आम्ही लाखोळी हे एकच धान्य निवडतो.

लाखोळी पूर्व विदर्भाला अपरिचित नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग हा धानाचा प्रदेश. धान कापणीला येण्यापूर्वी बांधीतील ओल शिल्लक असतानाच उभ्या पिकात लाखोळीचे बी फेकून देतात. नांगरणी नाही, पाणी नाही, खत नाही. या रीतीला उतेरा म्हणतात. धान निघाल्यावर त्याच ओलीवर लाखोळी वाढते, निळसर फुले धरते आणि जमिनीला नत्रही देऊन जाते. तिची डाळ तुरीसारखी पिवळी दिसते, प्रथिने भरपूर. उत्तरेत तिला खेसारी किंवा तिवडा म्हणतात.

हे धान्य अत्यंत प्राचीन आहे. नर्मदेच्या काठी महेश्वरासमोरील नावडातोली येथे डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकात जे उत्खनन झाले, त्यात ताम्रपाषाणयुगीन घरांतून गहू, तांदूळ, मसूर, उडीद, मूग, जवस यांच्याबरोबर लाखोळीचे दाणेही मिळाले. भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव येथेही ती आढळली. म्हणजे भगवान बुद्धांच्या काळापूर्वी कित्येक शतके मध्य भारतातील माणूस हे कडधान्य खात होता. गहू, तांदूळ, मसूर आणि मूग यांच्या सोबतीने तो ते खात होता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

आता इसवी सन १८३० च्या दशकाकडे येऊ. सागर-नर्मदा प्रदेशात, जो पुढे १८६१ मध्ये नागपूरबरोबर मध्य प्रांतात समाविष्ट झाला, कर्नल स्लीमन हा इंग्रज अधिकारी फिरत होता. ठगांच्या बंदोबस्तासाठी त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने तेथील एका गावाची हकिगत नोंदविली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने रब्बी गेली, १८३० मध्ये पाऊस अपुरा पडला, १८३१ मध्ये गव्हावर तांबेरा पडला. या तिन्ही वर्षांत गव्हात तणासारखी उगवणारी लाखोळी मात्र जोमाने वाढली. लोक तिच्यावरच जगले. १८३३ मध्ये गावातील तिशीच्या आतील माणसांचे पाय कमरेपासून लुळे पडू लागले. त्या आणि पुढील वर्षात गावातील जवळजवळ निम्मी तरुण मुले-मुली या विकाराने ग्रासली आणि त्यांतील पुष्कळ कायमची अपंग झाली.

या विकारास वैद्यकात लॅथिरिझम म्हणतात. त्यास कारणीभूत असणारे विषारी द्रव्य १९६४ मध्ये भारतीय संशोधकांनी दाण्यातून वेगळे काढले. मात्र इतर धान्यांसोबत थोड्या प्रमाणात लाखोळी खाणाऱ्यास सहसा काही होत नाही. महिनोन्‌महिने तिच्यावरच गुजराण करावी लागली, की पाय जातात. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषाचे प्रमाण पुष्कळ घटते. पण ज्याच्या घरी इंधन आणि पाणी दोहोंचीही टंचाई, त्याला हा उपाय सांगून काय उपयोग? रेवा भागात तर शेतमजुरांना मजुरीच लाखोळीच्या रूपात दिली जाई. मालक गहू विकत आणि मजूर लाखोळी खात. लुळे पडत ते मजूर. तीच जमीन, तेच पाणी, तेच परिसरातील अन्न. पण निवड एकाच्या हाती होती आणि दुसऱ्याच्या नव्हती.

जगात अन्यत्रही या धान्याची हीच कहाणी आहे. स्पेनमध्ये १८११-१२ च्या माद्रिदच्या दुष्काळात लोक लाखोळीच्या पिठावर जगले. चित्रकार गोया याने आपल्या एका मुद्राचित्रात ते दृश्य कोरून ठेवले आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमारास, रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का येथील छळछावणीत ज्यू बंद्यांना मुख्यतः लाखोळीच खाऊ घालण्यात आली आणि काही महिन्यांतच शेकडो लोक पांगळे झाले. तेथील बंदी असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी हे कारण ओळखले. बंदीवानाला आणि बंधुआ मजुराला एकच धान्य मिळावे, हे योगायोगाने झाले असे आम्हांस वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर शासनाने यावर जो उपाय केला तो दाण्यावर केला. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत लाखोळीच्या विक्रीवर बंदी घालणारी तरतूद झाली. तुरीच्या डाळीत आणि बेसनात ती मिसळली जाते, हेही एक कारण होते. सर्व राज्यांत बंदीची अंमलबजावणी सारखी झाली नाही. महाराष्ट्रात ती होती. परिणाम असा की, विदर्भातील लहान शेतकऱ्याला बिनखर्चाचे दुसरे पीक उघडपणे विकता येईना, आणि वेठीची मजुरी मात्र तशीच राहिली. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली आला. म्हणजे दाण्यावर बंदी आधी आली आणि बिगारीवर पंधरा वर्षांनी. या क्रमाबद्दल इतिहासकारांनी फारसे लिहिले नाही, याचा आम्हांस खेद वाटतो.

या बंदीविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला तो नागपूरच्याच डॉ. शांतिलाल कोठारी यांनी. उपोषणे, निवेदने, न्यायालय असे सर्व मार्ग त्यांनी अवलंबिले. अखेर २००८ मध्ये महाराष्ट्र शासनाने बंदी उठविली. २०१६ च्या आरंभी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवडा या अल्पविषारी वाणांच्या बाजूने मत दिल्याचे वृत्त आले. त्याच वर्षी भारत सरकारने तूर आयातीसाठी आफ्रिकेतील मोझांबिकशी करार केला. सदरच्या किराणा दुकानातील डाळ सागरापलीकडून येऊ शकते आणि पवनीच्या बांधीतील डाळ गावातच राहते, अशी ही स्थिती आहे. तेव्हा परिसरातील अन्नाचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू येथे निश्चितच भक्कम आहे.

तरीही उपासिकांच्या चेहऱ्यावरील ती छटा पुसली जात नाही. त्यासाठी विनयपिटकाच्या अगदी आरंभीच्या प्रसंगाकडे वळावे लागते.

वेरंजा येथील ब्राह्मणाच्या निमंत्रणावरून भगवंतांनी पाचशे भिक्खूंसह तेथे वर्षावास केला. त्या वर्षी वेरंजेत दुष्काळ होता. पालि पाठातील त्याच्या वर्णनाचे शब्द अभ्यासण्याजोगे आहेत. 'सेतट्ठिका' या शब्दाचा अर्थ कोणी पांढरी हाडे पडलेली भूमी असा करतात. पण अंगुत्तर निकायात हाच शब्द धानाच्या पिकावरील रोगासाठी आला आहे, आणि येथेही तोच अर्थ आम्हांस अधिक ग्राह्य वाटतो. 'सलाकावुत्ता' याचे अट्ठकथेने दोन अर्थ दिले आहेत: पेरलेले केवळ काड्या होऊन राहिले, किंवा लोकांना सलाकेवर, म्हणजे चिठ्ठीवर, धान्य मिळत होते. दुसरा अर्थ मानल्यास शिधापत्रिकेची कल्पना अडीच हजार वर्षे मागे जाते.

गावात भिक्षा मिळेना. तेव्हा उत्तरापथातून पाचशे घोडे घेऊन आलेल्या आणि पावसाळ्यासाठी तेथे मुक्काम केलेल्या व्यापाऱ्यांनी प्रत्येक भिक्खूला एक-एक पत्थ 'पुलक' देण्याचे ठरविले. पुलक म्हणजे घोड्यांसाठी तयार केलेले जाडेभरडे यव. भिक्खू ते उखळात कांडून खात. आयुष्मान आनंद भगवंतांसाठी ते पाट्यावर वाटून देत. महामोग्गल्लानांनी दोन उपाय सुचविले. पृथ्वीच्या तळाशी रसाळ थर आहे, तो आपल्या ऋद्धिबलाने वर आणतो. नाही तर सर्व संघाने उत्तरकुरूला जाऊन पिंडपात करावा. भगवंतांनी दोन्ही नाकारले. पृथ्वी उलटल्याने तिच्यावरील प्राणी गोंधळून जातील, हे त्यांनी पहिल्या सूचनेस दिलेले कारण.

या प्रसंगाचा अर्थ 'संघ स्थानिक अन्नावर राहिला' असा लावण्याचा मोह होतो. पण मूळ पाठ तसे सांगत नाही. वेरंजेचे अन्न संपलेच होते. संघ जगला तो परप्रांतीय व्यापाऱ्यांच्या घोड्यांच्या दाण्यावर. बाहेरून आले म्हणून ते नाकारले गेले नाही. नाकारली गेली ती गावकऱ्यांना उपलब्ध नसलेली, केवळ संघापुरती असलेली सुटका. गावाच्या वाट्याला जे आले तेच भिक्खूंच्या वाट्याला आले. सागर-नर्मदा प्रदेशातील मजुराने लाखोळी खाल्ली तेव्हा त्याच्या मालकाच्या ताटात काय होते, हे या संदर्भात आठवावे.

देणाऱ्याची ऐपत हाही विनयाचा मोठा विषय आहे. सावत्थीतील काणा नावाच्या मुलीची कथा पाचित्तिय नियमांत येते. ती सासरी निघाली. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून आईने अपूप तळले. भिक्खू दारी आला, तिने दिले, त्याने दुसऱ्यास सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्यास, सर्व संपले. असे वारंवार घडले आणि मुलीचे जाणे लांबत राहिले. अखेर नवऱ्याने दुसरी पत्नी केली. त्यावरून नियम झाला की, अशा घरून दोन किंवा तीन पात्रांपेक्षा अधिक घेऊ नये आणि घेतलेले इतर भिक्खूंत वाटावे. दुसऱ्या एका नियमाने, ज्या कुटुंबाची श्रद्धा वाढत आहे पण संपत्ती घटत आहे, ते संघाने 'सेख' ठरवावे आणि तेथून निमंत्रणाशिवाय अन्न घेऊ नये, असे सांगितले. गोचरगाम म्हणजे हवे तितके चरण्याचे कुरण असा समज भिक्खूंना करून घेता येऊ नये, याची ही तजवीज होती.

आता याच्याशेजारी आपल्या खेड्यातील जुनी व्यवस्था ठेवून पाहा. तेथेही माणूस दारोदार जाऊन भाकर घेत होता. वेसकर घरोघर फिरे आणि त्याच्या टोपलीत शिळी भाकर पडे. वरवर पाहता हाही पिंडपातच. पण भिक्खूच्या पात्रात घरच्या अन्नातील वाटा पडत असे आणि देणारा हात जोडी. वेसकराला मात्र उरलेले मिळे आणि तेही दुरून टाकलेले. मेलेल्या जनावराचे मांस हेही त्याच व्यवस्थेने ठरवून दिलेले 'परिसरातील अन्न' होते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले, ते या संपूर्ण अन्नव्यवस्थेविरुद्ध होते. ते ऐकून ज्यांच्या आजी-आजोबांनी टोपली खाली ठेवली, त्यांच्या घरी गव्हाची पोळी ही चैन म्हणून आली नाही. त्यांच्या दृष्टीने ती स्वतःच्या कमाईने, स्वतः निवडून, बाजारातून विकत आणलेल्या अन्नाची खूण होती. बाजाराने त्यांना जे दिले ते गावाने दिले नव्हते: पैसे मोजले की माल मिळे. तोलणाऱ्याच्या मनातील अस्पृश्यता तेथे नाहीशी झाली नव्हती, हेही खरेच.

धान्यांची उतरंड पालि ग्रंथांतही आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात माणसाचे आयुष्य दहा वर्षांवर येईल तेव्हा 'कुद्रूसक' हेच उत्तम अन्न ठरेल असे भाकीत आहे. जसे आज मांसमिश्रित शालीचा भात. कुद्रूसकाचा संबंध अनेक जण कोदोशी जोडतात. कोदो हे अधोगतीच्या युगातील पक्वान्न मानले जावे, यात त्या काळच्या सधन श्रोत्यांची रुची दिसते. कोदो पिकवणाऱ्या गोंड शेतकऱ्याला हे वाक्य ऐकवले तर तो काय म्हणेल? आणि गंमत अशी की, आज तेच धान्य शहरांतील दुकानांत सुबक पिशव्यांतून चढ्या भावाने विकले जाते, तर शिधापत्रिकेवर मुख्यतः तांदूळ आणि गहू मिळतात. उतरंड उलटली, पण वरच्या पायरीवर कोण उभे आहे ते बदलले नाही.

राहिला भोजनदानाचा प्रश्न. ज्वारीची भाकर आणि लाखोळीची डाळ भिक्खूसंघाला देता येते काय, असे आम्हांस विचारले जाते. विनयाने मान्य केलेल्या पाच भोजनांत भाताबरोबर कुम्मास आणि सत्तू आहेत, आणि ही दोन्ही जाड्याभरड्या धान्याचीच. तेव्हा बाधा कोणतीच नाही. डाळ भिजवून पाणी टाकून द्यावे आणि ती एकटी शिजवू नये, एवढीच सूचना. मात्र ज्या उपासिकेला पोळीच द्यायची आहे तिला भाकरीचे माहात्म्य सांगून संकोचात पाडू नये. जातकात मल्लिकेची कथा आहे. सावत्थीतील एका माळ्याची ही मुलगी फुलांच्या बागेत जाताना वाटेत भगवंतांना भेटली आणि तिने त्यांच्या पात्रात कुम्मासाचे तीन गोळे घातले. पुढे ती कोसलराज पसेनदीची पट्टराणी झाली. कथेत त्या दानाला जुळणारे पूर्वजन्मीचे दानही सांगितले आहे. तो कुम्मास सुका आणि अळणी होता. मल्लिकेने आपले गोळे घरून टोपलीत घालून आणले होते ते स्वतःच्या जेवणासाठी.